एका पुस्तकावर तीन नावं: पुण्याचे मास्तर, मद्रासचा साहेब आणि व्हिएन्नाचा डॉक्टर

वकिलीणबाई

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

जिल्हा न्यायालयात वकिली करते. सध्या देवस्थान इनामाचं एक प्रकरण हातात आहे आणि त्यात एक मोडी सनद. सनदेवर शक आहे, संवत्सराचं (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं) नाव आहे, तिथी आहे, वारही आहे. घोळ असा की शकाचा आकडा आणि संवत्सराचं नाव यांत एका वर्षाची फारकत आहे. समोरच्या वकिलांनी तेवढ्यावर बोट ठेवून 'बनावट' असा शिक्का मारला. आमचे सिनियर काही न बोलता मागच्या खोलीत गेले आणि एक दांडगं पुस्तक आणून टेबलावर आपटलं. आत कोष्टकंच कोष्टकं. 'द इंडियन कॅलेंडर', लंडन, १८९६. इसवी सन ३०० ते १९०० एवढ्या काळातल्या हिंदू आणि मुसलमानी तारखा इसवी सनात कशा आणायच्या, याचं पुस्तक. प्रस्तावनेत चक्क लिहिलंय की हे शिलालेख वाचणाऱ्यांसाठी तर आहेच, पण न्यायालयं आणि सरकारी कचेऱ्यांसाठीही आहे. सव्वाशे वर्षांनंतर माझ्यासाठी!

पण मी अडकले पहिल्याच पानावर. नावं अशी: रॉबर्ट सेवेल, निवृत्त सनदी अधिकारी. शंकर बाळकृष्ण दीक्षित, ट्रेनिंग कॉलेज, पुणे. आणि भारतात दिसणाऱ्या ग्रहणांची कोष्टकं करणारे डॉ. रॉबर्ट श्राम, व्हिएन्ना.

तर प्रश्न असा. त्या काळी पुण्यातला एक मास्तर, मद्रास इलाख्यात नोकरी केलेला साहेब आणि व्हिएन्नाचा खगोलज्ञ एका पुस्तकावर एकत्र आले कसे? काम कोणी केलं आणि नाव कोणाचं पुढे लागलं? आणि खगोलशास्त्राच्या इतिहासात अशी देशोदेशींची भागीदारी आजही चालते का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज

बसलो. चहा टाकलाय. वाचनखूण साठवली.

बोरूबहाद्दर

सेवेल म्हणजे विजयनगरवर पुस्तक लिहिणारा तोच. माणूस हौशी नव्हता, दक्षिणेतल्या शिलालेखांत मुरलेला होता. शिलालेखात 'अमुक शके, अमुक तिथी, सोमवार' असं असतं. ते आजच्या तारखेत आणल्याशिवाय राजांचा क्रम लागत नाही. साहेबाला गरज होती आणि दीक्षितांकडे हत्यार होतं. जमली जोडी.

दीक्षितांचा जन्म १८५३ चा, गाव मुरुड.

अलिबागकरीण

आमचं मुरुड! जंजिऱ्याचं!

बोरूबहाद्दर

नाही हो ताई, दापोलीचं. दर वेळी हाच घोळ होतो. तुमच्या मुरुडाजवळ नांदगाव आहे, तिथले गणेश दैवज्ञ, 'ग्रहलाघव'वाले. त्यांच्यावर समाधान माना, ते काही कमी नाहीत. ज्या (साइन) न वापरता ग्रहगणित करून दाखवणारा माणूस, तोही १५२० च्या सुमारास.

अलिबागकरीण

चालेल. मानलं समाधान.

गणिताची_मास्तरीण

वकिलीणबाई, सेवेलच्याही आधी फ्लीटकडे जा. तिथे दीक्षितांचं काम उघड्यावर दिसतं.

१८८० च्या दशकात गुप्त राजांचा संवत (कालगणना) नेमका कधी सुरू झाला यावर विद्वानांत रण माजलं होतं. कनिंगहॅम म्हणे १६६-६७, बेली म्हणे १९०, आणखी एकजण तर थेट ७७ पर्यंत मागे गेलेले. म्हणजे समुद्रगुप्त, चंद्रगुप्त सगळे शेदोनशे वर्षं पुढेमागे लोंबकळत होते. मुंबई इलाख्यातला अधिकारी जॉन फ्लीट गुप्तांचे शिलालेख संपादत होता. त्याचा ग्रंथ १८८८ चा, आणि त्यातल्या तारखांच्या गणितासाठी त्याने धरले दीक्षितांना.

एरणचा स्तंभलेख घ्या. मध्य प्रदेशात, सागरजवळ. बुधगुप्ताचा काळ, संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, 'सुरगुरूचा दिवस' म्हणजे गुरुवार. आता अल्बिरूनीने (अकराव्या शतकात भारतावर लिहिणारा विद्वान) लिहून ठेवलंय की गुप्तांचा संवत शकाहून २४१ वर्षांनी मागे चालतो. १६५ अधिक २४१ म्हणजे ४०६. शके ४०६ अधिक ७८ म्हणजे इसवी सन ४८४. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी येते २१ जून ४८४ ला. वार? गुरुवार! तिथी आणि वार एका दिवशी चपखल बसले.

तिथी आणि वार ही दोन वेगळी चाकं आहेत, एकमेकांत अडकलेली नाहीत. म्हणून जुळलेल्या वाराला पुराव्याचं वजन येतं. वर्ष चुकीचं धरलं तरी योगायोगाने वार जुळायची शक्यता साधारण सातात एक. मग दुसरा लेख घ्यायचा, तिसरा घ्यायचा. हे सगळं दीक्षितांनी हाताने केलंय, पाटीवर म्हणा की कागदावर. त्याच ग्रंथात गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रावर त्यांचं स्वतंत्र परिशिष्टही आहे, त्यांच्या नावाने.

तुमच्या सनदेतला वार काय निघतो ते आधी बघा. तारीख इथे लिहू नका, प्रकरण चालू आहे.

वकिलीणबाई

बाई, अंगावर काटा आला. वाराकडे आम्ही बघितलंच नव्हतं, सगळे शकावरच भांडतोय. उद्याच बघते.

अर्धवट_ज्योतिषी

संवत्सर तपासायचा घरगुती उपाय: आपल्याकडच्या म्हणजे दक्षिणेच्या पद्धतीत शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला. शके १९४६ अधिक १२ म्हणजे १९५८, बाकी ३८, अडतिसावा क्रोधी. पाडव्याचं पंचांग काढून बघा. (नर्मदेच्या वर हे चालत नाही, तिथे गुरूच्या गतीवरून मोजतात, म्हणून नाव वेगळं येतं.)

निरंकुश

सगळं छान आहे. पण मुद्दा तोच, नाव पुढे कोणाचं? सेवेलचं. पोथ्या आमच्या, संस्कृत आमचं, आकडेमोड आमच्या मास्तरांची आणि पुस्तक छापलं लंडनला. आजही तेच. परदेशी प्राध्यापक येतात, फोटो काढून नेतात, पीएचड्या होतात. आपण टाळ्या वाजवायला.

घाटावरचा

निरंकुश, अर्धं बरोबर. पण गोष्ट जरा मागे न्या.

मी काशीचा, ब्रह्माघाटाच्या मराठी वस्तीतला. आमच्याकडे बापूदेव शास्त्रींचं नाव अजून घेतात. जन्म पुण्याचा, १८२१. शिकले नागपुरात. तिथे लान्सलॉट विल्किन्सन नावाच्या साहेबाच्या नजरेत भरले आणि त्याने त्यांना सिहोरला नेलं. पुढे ते बनारसच्या संस्कृत कॉलेजात आले. 'सूर्यसिद्धांता'चं (जुना संस्कृत खगोलग्रंथ) त्यांचं इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये कलकत्त्याहून निघालं, स्वतःच्या नावाने. सोबत भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचं विल्किन्सनने केलेलं भाषांतर, बापूदेवांनी तपासलेलं. साहेब १८४१ मध्येच वारला होता. त्याचं अपुरं राहिलेलं काम वीस वर्षांनी शास्त्रीबुवांनी मार्गी लावलं. इथे कोण कोणाचा मदतनीस?

सिहोरवाले_काका

सिहोरचं नाव निघालं म्हणून लॉगिन झालो. मुक्काम भोपाळ. विल्किन्सन तिथे पोलिटिकल एजंट. त्याच्या शाळेत भास्कराचार्य शिकवायचे आणि मग कोपर्निकसकडे न्यायचं, अशी त्याची पद्धत. त्याच्या पदरच्या सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' लिहिला, तोही मराठीत. पुराणांतलं भूगोलवर्णन एका बाजूला, सिद्धांतांची गोल पृथ्वी दुसऱ्या बाजूला आणि तिसरा कोपर्निकस, असा सगळा वाद. हेच सुबाजी बापू पुढे मिशनऱ्यांविरुद्ध संस्कृतात लेखणी घेऊन उभे राहिले. म्हणजे साहेबाबरोबर बसून गणित करायचं आणि पाद्र्याशी दोन हातही करायचे. माणसं साधी नव्हती.

चहाबाज

काका, दंडवत. दुसरा चहा.

पाद्रीबुवांचा_वाडा

पाद्र्यांचा विषय निघालाच आहे तर एबेनेझर बर्जेस. अमेरिकन मिशनचा, १८३९ ला मुंबई इलाख्यात आला, नगर-साताऱ्याकडे होता. मराठी शाळांसाठी खगोलाचं पाठ्यपुस्तक लिहायचं म्हणून त्याने 'सूर्यसिद्धांत' वाचायला घेतला. पुस्तक बाजूला राहिलं आणि भाषांतर हातून झालं. मायदेशी परतल्यावर येल विद्यापीठातले संस्कृतचे व्हिटनी टिपा लिहायला बसले, गणिताच्या बाजूने तिथलेच न्यूटन (सफरचंदवाले नव्हेत). १८६० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

आता गंमत बघा. व्हिटनींनी टिपांमध्ये ठासून मांडलं की हिंदूंचं हे शास्त्र ग्रीकांकडून आलेलं. भाषांतरकार बर्जेसला ते पटेना. काय करावं? त्याने शेवटी स्वतःची वेगळी टीप जोडली, की टिपांमधल्या मतांशी मी सहमत नाही, हिंदूंना याहून जास्त श्रेय आहे. एकाच पुस्तकात दोघांचं भांडण, आणि दोन्ही बाजू छापलेल्या. निरंकुश, भारताची बाजू घेणारा इथे पाद्री आहे, ही नोंद घ्यावी.

निरंकुश

घेतली नोंद. पण एका पाद्र्याने वसंत होत नाही.

गणिताची_मास्तरीण

तुमच्या तक्रारीला एक चांगलं अलीकडचं उदाहरण आहे, दोन्ही बाजूंनी. 'यवनजातक'. ग्रीक ज्योतिष संस्कृतात आलं त्याचा जुना पुरावा. ताडपत्रावरची पोथी हरप्रसाद शास्त्रींना १८९७ मध्ये काठमांडूच्या दरबार ग्रंथालयात सापडली. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या डेव्हिड पिंग्रींनी १९७८ मध्ये ती संपादून छापली. पोथी झिजलेली, शब्द तुटलेले, तर त्यांनी काही श्लोकांत आपल्या अंदाजाने पाठ बदलले आणि सनावळी काढली: मूळ भाषांतर १४९-५०, पद्यरूप २६९-७०. जगभर हेच आकडे उद्धृत होत राहिले.

१९८९ मध्ये लखनौचे कृपाशंकर शुक्ल म्हणाले, हे दुरुस्त पाठ पोथीला धरून नाहीत. फार कोणी ऐकलं नाही. मग बिल मॅक या हाँगकाँगकडच्या अभ्यासकाने क्योटोत काम करताना नेपाळची आणखी एक पोथी तपासली आणि २०१३ मध्ये दाखवलं की त्या तारखा टिकत नाहीत. लखनौच्या माणसाची शंका रास्त ठरली, पण त्यासाठी काठमांडूची पोथी आणि क्योटोतलं टेबल लागलं.

आणि हेही सांगते. पिंग्रींच्या निष्कर्षांवर वाद घाला, जरूर घाला. पण संस्कृतातल्या गणित-ज्योतिषाच्या लेखकांची आणि पोथ्यांची पाच खंडांची सूची त्यांनीच केली, १९७० ते १९९४. आज कोणीही, अगदी त्यांचा कट्टर विरोधकसुद्धा, पोथी शोधायला पहिल्यांदा तीच उघडतो.

ठाणेकर_गुरुजी

आजही चालतं का, या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर: चालतं, आणि ठाण्यात चालतं! भास्कराचार्यांची नऊशेवी जयंती होती २०१४ ला. विद्या प्रसारक मंडळाने सप्टेंबरात परिषद भरवली. मी मागच्या रांगेतला श्रोता. त्यातून जे पुस्तक २०१९ मध्ये निघालं त्याचे संपादक तिघे: पवईच्या आयआयटीचे रामसुब्रमणियन, जपानचे ताकाओ हायाशी, न्यूझीलंडच्या क्लेमेन्सी मॉन्टेल. लीलावतीवर बोलायला कुठून कुठून माणसं! माझ्या शेजारच्या आजोबांनी चहाच्या सुट्टीत मला विचारलं, "ह्यांना संस्कृत कोणी शिकवलं हो?" म्हटलं, आजोबा, आपल्याला कोणी शिकवलं नाही हा खरा प्रश्न आहे.

नंतर पुण्यातही, २०१६ मध्ये आयसर या विज्ञानसंस्थेत, पौर्वात्य खगोलशास्त्रावरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिला जाणं जमलं नाही, लेकीचं लग्न होतं.

पोथीचोर

(नाव गमतीचं आहे, पोलीस नकोत.)

या कामात हाताने काय करतात ते थोडं सांगतो, कारण हमाली थोडी मीही केली आहे. करणग्रंथांच्या (पंचांगाचं गणित सोप्या रीतीने सांगणाऱ्या ग्रंथांच्या) पोथ्यांत कोष्टकं असतात, पानभर नुसते आकडे. श्लोक चुकला तर छंद ओरडतो. आकडा चुकला तर कोण ओरडणार? नकलणाऱ्याने १ चा ९ केला की शंभर वर्षं तो ९ च राहतो. मग काय करायचं, शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक काढायचा. ग्रह उड्या मारत नाहीत, त्यामुळे फरक हळूहळू वाढतो किंवा कमी होतो. मधेच एक फरक टुणकन उडाला की समजायचं, इथे लेखकाला डुलकी लागली होती. आता तीच चूक त्याच घरात जयपूरच्या पोथीतही असेल आणि लंडनच्या पोथीतही, तर दोन्ही एकाच मुळावरून उतरल्या असा संशय घ्यायचा. म्हणून निरनिराळ्या देशांतल्या माणसांना एकमेकांची गरज पडते. पोथ्या विखुरल्यात हो, म्हणून माणसं एकत्र येतात.

अवांतर: एका संस्थेने (नाव नको) मला पोथीच्या चार पानांची छायाचित्रं द्यायला अकरा महिने लावले, आणि आली ती पाचव्या पानापासून पुढची. तीच पोथी परदेशातल्या ग्रंथालयात होती, तिथून दुसऱ्या दिवशी दुवा आला. निरंकुशजी, राग येतो तो इथे येतो.

निरंकुश

या मुद्द्यावर मी तुमच्या मागे उभा आहे.

देवगडकर

खगोलाचा इतिहास म्हणता आणि आमचा विजयदुर्ग कोणी काढत नाही? १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने किल्ल्यावरून हेलियम शोधला. साहेबाचे ओटे (दुर्बिणी ठेवायचे चौथरे) अजून आहेत. दर १८ ऑगस्टला आम्ही तिथे दिवस साजरा करतो.

गणिताची_मास्तरीण

देवगडकर, हापूस आधी पाठवा, मग बोलते, कारण नंतर पाठवणार नाही.

१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर भारतात नव्हताच, इंग्लंडमध्ये होता. ग्रहणात काम केलं फ्रेंच जान्सेनने, गुंटूरहून. त्याला कळलं की सूर्याच्या ज्वाला ग्रहण नसतानाही वर्णपटात पकडता येतात, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ते करून दाखवलं. लॉकियरने स्वतंत्रपणे तेच साधलं २० ऑक्टोबरला, लंडनमध्ये, ग्रहणाशिवाय. दोघांचंही वृत्त पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत पोचलं आणि पुढे फ्रेंचांनी दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. त्या पिवळ्या रेषेला नवं मूलद्रव्य म्हणणं लॉकियरचं, पण पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, रॅम्झेला.

लॉकियर विजयदुर्गाला आला हे खरंच आहे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, सोबत 'मेल्पोमीनी' युद्धनौकेचे खलाशी. ओटे खरे, साहेब खरा, साल तीस वर्षांनी सरकलंय.

देवगडकर

काय सांगता! आमच्या पोरांनी भाषणं पाठ केलीत.

बोरूबहाद्दर

भाषणं ठेवा, साल बदला. १८९८ काही कमी नाही. त्याच ग्रहणाला करमाळ्याकडच्या जेऊरला पुण्याहून नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेतून कॅम्पबेल आले होते. आणि १८६८ साठी आपला मान हवाच असेल तर पटवर्धनांची जमखंडी घ्या: तिथे रॉयल सोसायटीतर्फे हर्शेल घराण्यातला लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसला होता.

हे फ्रेंच, इंग्रज, अमेरिकन आणि आपले असे सगळ्यांचे कागद समोर ठेवले तरच निस्तरतं. एकट्या किल्ल्यावर उभं राहून नाही.

देवगडकर

बरं. पेटी पाठवतो. पण अर्धीच, तीस वर्षांचे कापून.

चहाबाज

😂😂 धागा वसूल.

अर्धवट_ज्योतिषी

मूळ विषयाकडे: १८९६ च्या त्या कोष्टकांचं आजचं रूप म्हणजे क्योटोच्या मिचिओ यानो आणि माकोतो फुशिमी यांची पंचांगाची आज्ञावली. सूर्यसिद्धांताच्या गणिताने चालते. तिथी टाका, तारीख आणि वार मिळतो. जपानी माणसाने केलेलं पंचांग वापरून मी पेशवाईतल्या पत्रांच्या तारखा तपासतो. पत्रात 'छ' म्हणून चांद्र तारीख असेल तर मात्र हिजरीचं वेगळं कोष्टक बघावं लागतं.

आणि हो, आधुनिक दृक्पंचांग (प्रत्यक्ष आकाशाशी जुळवलेल्या गणिताचं) वापरू नका! सनद लिहिणाऱ्या जोश्याच्या हातात ग्रहलाघवच असणार. तिथी कधी संपते यात थोड्या घटकांचा फरक पडतो आणि तेवढ्याने एखादे वेळी दिवस बदलतो. त्या काळच्या माणसाची चूकसुद्धा त्याच्याच गणिताने मोजायची.

बोरूबहाद्दर

वकिलीणबाईंच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर. सेवेलच्या नावाखाली दीक्षित झाकले गेले असं मला वाटत नाही. त्याच १८९६ साली दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' पुण्यात छापून आला, मराठीत, एकट्याच्या नावाने. एक पुस्तक साहेबांच्या भाषेत, जगासाठी. एक आपल्या भाषेत, आपल्यासाठी. दोन वर्षांनी, १८९८ ला, पंचेचाळिशीच्या आतच गेले.

अन्याय झाला असेल तर तो पुढे, आणि आपल्याकडून. मराठी ग्रंथ इंग्रजीत यायला १९६९ उजाडलं, दुसरा भाग १९८१ ला. तोवर मराठी न येणाऱ्या अभ्यासकाने दीक्षितांना वाचायचं ते सेवेलबरोबरच्या पुस्तकात आणि 'इंडियन अँटिक्वरी'तल्या लेखांत. आणि मराठी येणाऱ्यांपैकी या धाग्यावरच्या किती जणांनी मूळ ग्रंथ उघडलाय? हात वर करा.

सिहोरवाले_काका

मी. हिंदी भाषांतर. अर्धं.

ठाणेकर_गुरुजी

प्रस्तावना. तीही नेटवर.

निरंकुश

... उद्या आणतो.

वकिलीणबाई

मंडळी, अपडेट. दोन रात्री सिनियरांबरोबर बसून कोष्टकं लावली. शकाचा आकडा धरला तर वार जुळत नाही. संवत्सराचं नाव धरलं, म्हणजे पुढचं वर्ष घेतलं, तर तिथी आणि वार बरोब्बर एका दिवशी. म्हणजे लिहिणाऱ्याचा शक एका वर्षाने चुकला, बाकी तिन्ही गोष्टी बरोबर. क्योटोच्या आज्ञावलीतही तेच उत्तर आलं.

सिनियर म्हणाले, बनावट करणारा आधी पंचांग उघडून शक आणि संवत्सर जुळवून घेतो. चुकतो तो घाईत लिहिणारा खरा कारकून. न्यायालयाला हे पटेल का, माहीत नाही. समोरच्यांनी 'हे परदेशात छापलेलं पुस्तक' म्हणून हरकत घेतली. मी उठून म्हटलं, लेखक ट्रेनिंग कॉलेज, पुणे. न्यायाधीशांनी पुस्तक मागून घेतलं, पहिलं पान बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे श्राम कोण?"

पुढची तारीख मिळालीय. श्रामबद्दल कोणाला काही माहिती असेल तर द्या, पटकन.